खुलासा: ती धून ‘प्लाटून’साठी रचलेली नाही

युद्धपटांच्या संगीताच्या मैफलीतला एक व्हिडिओ सध्या फिरतोय. सोबत लिहिलंय की ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ ही धून अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बर यांनी व्हिएतनामवरच्या ‘प्लाटून’ चित्रपटासाठी रचली. मीही तो पुढे पाठवला होता, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

‘प्लाटून’ १९८६चा, बार्बर १९८१मध्येच वारले होते. मूळ रचना १९३६ची, एका स्ट्रिंग क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा) संथ भाग. तिचं तंतुवाद्यवृंदासाठीचं रूप वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांनी ५ नोव्हेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कहून रेडिओवर सादर केलं. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं, जरूर ऐका. चित्रपटाचे संगीतकार जॉर्ज दलरू. बार्बर यांची धून त्यात वापरली गेली, इतकंच.

व्हिडिओतलं वादन सुंदरच आहे. तो जरूर पाठवा, पण कृपया तो मजकूर काढून.