कोलोनला निघालात? मग एवढं कराच

जर्मनीत नोकरी लागली, ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहायचा-काम करायचा परवाना, हातात पडलं की पहिल्या उन्हाळ्यात कोलोनचा डोम, म्हणजे तिथलं भलंमोठं जुनं चर्च, 'करून टाकायचा' असतो. गेल्या रविवारी एका ग्रुपबरोबर मीही हे पुण्य पदरात पाडून घेतलं. तेव्हा नवीन मंडळींसाठी काही सूचना.

ग्रुप मोठा हवा. व्हॉट्सॲपवर सकाळी आठची वेळ टाका आणि साडेनवाला उगवा. गाडी उशिरा येणारच आहे, मग आपण एकट्यानेच वेळ का पाळायची?

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की १५७ मीटरचा डोम अंगावर येतो. नदीपलीकडे डॉइट्झच्या काठावरून तो अख्खा दिसतो, पण एवढं चालणार कोण? त्यापेक्षा चौकात लोकांच्या पायांत उताणे पडा आणि मनोऱ्यांची टोकं कापलेला फोटो काढा.

बांधकाम १२४८ साली सुरू झालं, सोळाव्या शतकात रखडलं, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन शतकानुशतकं तशीच उभी राहिली, काम संपलं १८८० साली. हे कोणी सांगायला लागलं की लगेच आपल्याकडच्या उड्डाणपुलाचा विनोद करा. तो याआधी कोणालाच सुचलेला नाही.

मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या सासूबाई भारतातून आल्या असतील तर त्यांना 'थोडंसंच चढायचंय' एवढंच सांगा. वाटेत २४ टनांची घंटा लागते. तिथे सगळे दम खायला थांबतात आणि घंटेकडे बघत असल्याचं नाटक करतात.

प्रेमाची खूण म्हणून पुलावर कुलूप लावून किल्ली ऱ्हाइनमध्ये फेका. नदीत लोखंड कमी पडतंय.

बिअरच्या जुन्या ठिकाणी दहा जणांत दोन कोल्श (इथली बिअर) मागवा आणि वेटरला नळाचं पाणी आणायला सांगा, फुकट. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता आत जायचं. रविवारी सकाळी आत प्रार्थना चालू असते, पर्यटकांना दुपारी सोडतात. दारात तशी पाटी आहे, पण पाट्या वाचायला आपण काय शाळेत आहोत? 'प्रेअरला आलोय' म्हणायचं आणि घुसायचं. आमच्यातल्या एका साहेबांनी हेच केलं. टोपी डोक्यावर तशीच. ऑर्गन वाजतोय, लोक उभे आहेत आणि यांनी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला, तोही स्पीकरवर. "आई, दिसतंय का? हॅलो? ते सोनेरी दिसतंय ना, ते! किती किलो असेल गं?" ते सोनेरी म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची पेटी. त्यांच्या अस्थी ११६४ साली मिलानहून इथे आल्या आणि त्यांच्यासाठी तर हा सगळा डोंगर उभा राहिला. मग साहेबांनी फोन चित्रकार गेरहार्ड रिश्टरच्या खिडकीकडे वळवला. ७२ रंगांच्या हजारो चौकोनी काचा, दक्षिणेचं ऊन त्यातून खाली सांडलेलं. "इमेज लोड झाली नाही वाटतं!" असं म्हणून स्वतःच हसले. शेजारी जपमाळ घेऊन बसलेल्या आजी काही न बोलता उठल्या आणि दोन बाक मागे जाऊन बसल्या.

लाल झग्यातला डोमचा सेवक आला. त्याने ओठांवर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, "वन मिनिट." तो पुन्हा आला, टोपीकडे बोट दाखवलं, मग दाराकडे. आवाज चढवला नाही, हात लावला नाही. बाहेर आल्यावर साहेबांचा निकाल तयार होता: "रेसिस्ट आहेत रे हे लोक." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या!

तर शेवटची सूचना: कोणी नियम सांगितला की रेसिस्ट म्हणा.

नको, राहू दे. हे मला उपरोधानं लिहिताच येत नाहीये. अहो, तो माणूस तुम्हाला गप्प बसा म्हणत होता! गावच्या देवळात आरतीच्या वेळी कोणाचा फोन वाजला तर तुम्हीच त्याला डोळे वटारून बाहेर काढता ना? इथे आडनाव वाचून घर नाकारलेले लोक आहेत. ट्रॅममध्ये शिव्या खाल्लेल्या आपल्याच मुली आहेत. त्या जेव्हा हा शब्द उच्चारतील, तेव्हा ऐकणारा तुमची टोपी आणि तुमचा तो कॉल आठवून खांदे उडवेल. टोपी काढायला दोन सेकंद लागत होते. फोन खिशात ठेवायला तेवढेही नाही. आईला संध्याकाळी फोटो पाठवले असते तर त्या काय रुसणार होत्या?