किरण नवगिरेला 'नागालँडचा तुक्का' म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या सोलापूरच्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरायला लागलाय, चार ग्रुपवर तर मलाच आला. म्हणणं असं की क्रिकेटर किरण नवगिरे महाराष्ट्रात चालली नाही म्हणून नागालँडचा शॉर्टकट मारला, तिथं अरुणाचलच्या कच्च्या बॉलिंगवर एकदा 162 ठोकले, त्या एका मॅचवर इंडिया कॅप, म्हणजे भारताच्या टीममध्ये जागा मिळाली आणि आता विषय संपला. वर बायकांची बाउंड्री छोटी असते हे पण जोडलंय. वाचून लई राग आला, पोरगी आपल्या जिल्ह्यातली, मिरे गावच्या शेतकरी घरातली, आणि तिच्याबद्दल हे आपणच फिरवतोय.

आधी त्या 162 चं बघू. एप्रिल 2022, राज्याराज्यांच्या टीमची सीनियर वुमेन्स टी-20 स्पर्धा, 76 बॉलमध्ये नाबाद 162, 16 सिक्स. टी-20 मध्ये दीडशेच्या वर जाणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरून. समोर अरुणाचल होतं, बॉलिंग दुबळी होती, मान्य. पण मग त्याच्या आधीचा भारतीय रेकॉर्ड बघा की, श्रेयस अय्यरचे 147, ते 2019 मध्ये सिक्कीमविरुद्ध होते. नंतर 2024 ला तिलक वर्मानं 151 मारले ते मेघालयविरुद्ध. या दोघांना कुणी तुक्का म्हणलं का? नाही म्हणलं आणि म्हणूही नये, कारण समोर कोण येणार हे बॅटर ठरवत नसतो, त्याच बॉलिंगवर बाकीचे पण खेळलेलेच असतात. मग पोरीलाच वेगळा नियम का?

आणि एका मॅचवर कॅप मिळाली हे तर साफ खोटं आहे. मे 2022 मध्ये वुमेन्स टी-20 चॅलेंज झाली, आपल्या पुण्यात गहुंजेला, ती व्हेलॉसिटी या टीमकडून खेळली. समोर ट्रेलब्लेझर्सची टीम, म्हणजे पूनम यादव, राजेश्वरी गायकवाड, वेस्ट इंडिजची हेली मॅथ्यूज, सगळ्या इंटरनॅशनल बॉलर. तिथं 34 बॉलमध्ये 69, फिफ्टी 25 बॉलमध्ये. त्यानंतर सप्टेंबरमध्ये इंग्लंडला डेब्यू झाला. मेसेजवाल्यानं ही मॅच गाळली, कारण ती धरली तर मेसेजच उरत नाही.

शॉर्टकटचं म्हणाल तर, गेस्ट प्लेअर म्हणून दुसऱ्या राज्याकडून खेळायला बोर्डाचीच परवानगी असते. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडून खेळला आणि विदर्भानं 2018 आणि 2019 ला रणजी जिंकली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किरण मुळात अॅथलेटिक्सवाली, भालाफेक, गोळाफेक करणारी, सीझन बॉलकडे, म्हणजे लेदर बॉलच्या क्रिकेटकडे, कॉलेजच्या वयात वळली. पुण्या-मुंबईच्या पोरी दहा-बारा वर्षांच्या असल्यापासून नेटमध्ये असतात, हिला ती वर्षं मिळालीच नाहीत, त्यामुळं जिथं रोज बॅटिंग मिळेल तिथं जाणं यात चुकलं काय?

बाउंड्री छोटी असते हे खरंय, पुरुषांची जास्तीत जास्त 90 यार्ड आणि बायकांची 70. पण ती जगातल्या सगळ्या बायकांना तेवढीच असते ना. तरी सगळ्यात फास्ट सेंच्युरीचा रेकॉर्ड हिच्याच नावावर आला, ते खाली सांगतोच.

आता 'विषय संपला' हे. इंटरनॅशनलमध्ये तिच्या धावा झाल्या नाहीत, हे मी लपवत नाही, मलाही त्याचं वाईट वाटतं. पण किती चान्स मिळाला ते पण सांगा. सहा टी-20, त्या पण सप्टेंबर-ऑक्टोबर 2022 च्या महिना-दीड महिन्यात. त्यानंतर ती घरी बसली नाही. 2023 च्या पहिल्याच डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे बायकांच्या आयपीएलमध्ये, यूपी वॉरियर्झकडून गुजरातविरुद्ध 53, तेव्हा बॅटला स्पॉन्सर नव्हता म्हणून तिनं बॅटवर धोनीचं 'MSD' नि 07 लिहिलं होतं. 2024 ला मुंबई इंडियन्सविरुद्ध ओपनिंगला येऊन 31 बॉलमध्ये 57 आणि यूपी जिंकली, समोर गतविजेती टीम होती बरं.

आणि ऑक्टोबर 2025, नागपूर. यावेळी ती महाराष्ट्राकडूनच खेळत होती, समोर पंजाब. 111 चं टार्गेट, किरण 35 बॉलमध्ये नाबाद 106, सेंच्युरी 34 बॉलमध्ये! बायकांच्या टी-20 मधली जगातली सगळ्यात फास्ट सेंच्युरी, आधीचा रेकॉर्ड न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाईनचा 36 बॉलचा होता. मॅच आठ ओव्हरमध्ये संपली. ज्या महाराष्ट्रात 'चालली नाही' म्हणता त्याच महाराष्ट्राच्या जर्सीत, आणि पंजाब म्हणजे काय अरुणाचल नव्हे.

मेसेज पाठवणाऱ्यांनी नागपूरच्या त्या मॅचचं स्कोअरकार्ड उघडून बघा, आणि ज्या ज्या ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकलाय तिथं हे पण टाका. सोलापुरातल्या पार्कच्या ग्राउंडवर किट घेऊन येणाऱ्या पोरींचे पप्पा-काका त्याच ग्रुपांत असतात.