परदेशातून येणारे जाहिरातींचे उत्पन्न करमुक्त नाही : खुलासा

ब्लॉगवरील जाहिरातींचे पैसे परदेशी कंपनीकडून डॉलरमध्ये येत असल्याने त्यांवर भारतात कर लागत नाही आणि जीएसटी नोंदणीचीही कधीच गरज नसते, असा संदेश नवउद्योजकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. भारतातील सर्वसाधारण निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न येथे प्राप्तिकराच्या कक्षेत येते. मात्र होस्टिंग, डोमेन यांसारखा व्यवसायासाठी झालेला खर्च त्यातून वजा करता येतो.

खरा गोंधळ जीएसटीबाबत आहे. परदेशी ग्राहकाला दिलेली आणि परकीय चलनात मोबदला मिळालेली सेवा, कायद्यातील इतर अटीही पूर्ण झाल्यास, निर्यात ठरते व तिला शून्य दर लागतो. परंतु शून्य दर म्हणजे नोंदणीतून सूट नव्हे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की नोंदणी बंधनकारक होते, आणि त्या उलाढालीत निर्यातही मोजली जाते. भारतीय कंपनीसाठी लिहिलेल्या प्रायोजित लेखाला तर हा शून्य दर मिळतच नाही. नोंदणीनंतर एलयूटी हे हमीपत्र दाखल केल्यास कर न भरता निर्यात करता येते, पण ते दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट होतकरू लेखकांना वेळेवर सांगितली जात नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.