रिकाम्या खोल्या गार ठेवण्यासाठी

मंगळवारी रात्री सव्वाअकराला गोव्यातल्या आमच्या वाड्यावरची, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीची, लाइट पुन्हा गेली. या मे महिन्यातली ही पाचवी वेळ. वारा पूर्ण पडला होता, अंथरूण अंगाला चिकटत होते, आणि 84 वर्षांच्या माझ्या आईला मी वर्तमानपत्राच्या घडीने वारा घालत बसले होते. सगळा वाडा काळोखात बुडालेला असताना कुंपणापलीकडच्या व्हिलाचा जनरेटर आपोआप सुरू झाला आणि क्षणभर थांबलेले तिथले पाचही एसी पुन्हा घरघरू लागले. त्यांतल्या तिघांचे बाहेरचे डबे आईच्या खिडकीसमोर जेमतेम सहा हातांवर आहेत. खिडकी उघडावी तर त्या डब्यांची झळ आणि डिझेलचा धूर तिच्या उशाशी येतो, लावून घ्यावी तर तिचा जीव गुदमरतो. तासभर मी ती खिडकी उघडत आणि लावत होते.

शेवटी टॉर्च घेऊन मी व्हिलाच्या फाटकाशी गेले. एवढ्या रात्री कोणी पाहुणे आले असतील, त्यांच्यात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर निदान आमच्या बाजूची यंत्रे थोडा वेळ बंद ठेवा अशी विनंती करावी, एवढाच माझा हेतू होता. राखणीला ठेवलेला मुलगा डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, ‘आंटी, घरात कोणीच नाही. सर शुक्रवारी येणार आहेत.’

मी त्याला दोनदा विचारले, कारण माझा कानांवर विश्वास बसेना. घरात माणूस नाही, मांजर नाही, आणि सकाळपासून पाच एसी 18 अंशांवर चालू आहेत. बंद ठेवले तर भिंतींना ओल धरते, फर्निचरला बुरशी येते आणि सर आल्यावर खोल्या लवकर गार होत नाहीत, म्हणून आधी तीन दिवस चालू ठेवायचे, असा त्याला हुकूम आहे. काचेच्या भिंतीवर मी टॉर्च मारला. आत सोफ्यांवर पांढरी कापडे टाकलेली होती. आतला गारठा इतका होता की बाहेरच्या दमट हवेतले पाणी काचेवर जमून धारांनी खाली ओघळत होते आणि पायरीपाशी त्याचे थारोळे झाले होते. मागे पोहण्याच्या तलावातले निळे दिवे जळत होते. त्या मुलाची स्वतःची खोली जनरेटरला लागून आहे आणि तिथे एक टेबलफॅन आहे. मी त्याच्यावर ओरडले, ते चुकले. सकाळी जाऊन मी त्याची क्षमा मागितली. ज्याच्यावर ओरडायला हवे होते तो माणूस शेकडो मैलांवर आहे.

भिंतींना ओल धरते, हे कारण तर मला मुळीच सहन होत नाही. गोव्यात पाऊस काल पडू लागला काय? आमचे चिऱ्यांचे घर शंभर वर्षे त्याच पावसात उभे आहे. उंच छप्पर, कौलांमधून बाहेर पडणारी गरम हवा, समोरासमोर खिडक्या, पश्चिमेचे ऊन अडवणारी पडवी, आणि मिरगाआधी व पावसाळा सरल्यावर दारे-खिडक्या सताड उघडून घराला दिलेले वारे, एवढ्यावर आजोबांच्या वेळचे लाकडी कपाट आजही शाबूत आहे. ही नवी घरे मात्र पश्चिमेला तोंड करून काचेची बांधतात, त्या काचा उघडत नाहीत, छपराला वळचण नसते, आणि दुपारभर तापलेली ती पेटी मग रात्रंदिवस वीज ओतून थंड ठेवावी लागते. समोरचे माड तोडले नसते तर निम्मा ताप सावलीनेच अडवला असता. तेही दृश्य आड येते म्हणून तोडले.

रात्री पाऊण वाजता लाइनमन आला. तो माझ्याच शाळेत शिकलेला. खांबावरून उतरून घाम पुसत म्हणाला, ‘बाई, डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला होता. किती वेळा घालू? या ट्रान्स्फॉर्मरवर पूर्वी चाळीस घरे होती, आता वर सात व्हिला आहेत. लोड झेपत नाही.’ त्या पोरावर मी का चिडावे? गावात कोणाला किती लोड लागणार हे बांधकामाचा परवाना देतानाच विचारायला हवे होते, आणि ते ज्यांनी विचारले नाही ते त्या रात्री आपापल्या घरी झोपले होते.

सकाळी मी वहीत हिशेब मांडला. दीड टनाचा एसी इतक्या कमी अंशांवर चालवला तर तासाला निदान एक युनिट धरायला हरकत नाही. पाच यंत्रे, तीन दिवस, म्हणजे 360 युनिटे. आमच्या दोघींच्या घरात फ्रीज, पंखे, पंप आणि मिक्सर धरून महिन्याला 120 युनिटे लागतात. म्हणजे आमची तीन महिन्यांची वीज, एकही माणूस नसलेल्या घरात, तीन दिवसांत. आणि रात्री वीज मुख्यतः कोळशाचीच असते, कारण सूर्य तेव्हा नसतो. ही सगळी वीज कोळशाची आणि एका युनिटला सुमारे 700 ग्रॅम कोळसा धरला तर अडीचशे किलो कोळसा जळाला, आणि आपल्या देशातल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते, म्हणजे ऐंशी किलोंच्या वर राख कुठेतरी पडली.

ती कुठे पडली हे गोव्यात कोणी विचारत नाही. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नाममात्र आहे. आपली वीज छत्तीसगडच्या कोरब्याहून, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून, तेलंगणातल्या रामागुंडमहून येते. कोरब्याच्या केंद्राची क्षमता 2600 मेगावॅट आहे, विंध्याचलची 4760. तिथल्या धुराड्यांच्या छायेत राहणाऱ्या माणसांच्या विहिरींवर, शेतांवर आणि छातीत ती राख बसते. आपल्याकडे फक्त स्वच्छ पांढरे बटण पोहोचते, म्हणून आपल्याला वाटते की वीज स्वच्छ आहे.

आणि आता ती कमी पडते म्हणून आणखी आणायची. 2020 मध्ये छत्तीसगडातल्या तमनारहून येणाऱ्या विजेच्या नव्या वाहिनीसाठी, धारबांदोडा तालुक्यातल्या सांगोडला उपकेंद्राच्या जागेवर झाडे तोडली गेली, तेव्हा मोलेचे जंगल वाचवण्यासाठी मुले-मुली रस्त्यावर आली होती. त्यांत माझे विद्यार्थीही होते. 2021 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनेही जंगलातून नवा पट्टा कापण्याऐवजी जुन्या वाहिनीचाच मार्ग वापरण्याची शिफारस केली. त्या वेळी टीव्हीवरच्या प्रत्येक चर्चेत एकच वाक्य ऐकू यायचे: गोव्याला वीज नको का? हवी. इस्पितळाला हवी, पिठाच्या गिरणीला हवी, माझ्या आईच्या पंख्याला हवी. पण मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यातला शंभर वर्षांचा वृक्ष पाडून आणलेली वीज पांढरी कापडे घातलेल्या सोफ्यांना गार ठेवणार असेल, तर ती गोव्याची गरज नव्हे, आणि त्या गरजेच्या नावाने माझ्याकडे जंगल मागायला कोणी येऊ नये.

दक्षिण गोव्यातल्या चांदरला 2020 मध्ये 1 नोव्हेंबरच्या रात्री लोक रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसले ते कोळशाच्या वाहतुकीविरुद्धच. मुरगाव बंदरात उतरणारा तो कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, आपल्या दिव्यांसाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण बंदराजवळच्या वास्कोतल्या बाईने सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवले की ते काळेच होते, आणि कोरब्यातल्या बाईचेही तसेच होत असणार.

दिव्यांवरून आठवले. पाच वर्षांपूर्वी शाळेची मुले घेऊन मी मोरजीला कासवांची पिल्ले पाहायला गेले होते. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या तिथे, आगोंदला आणि गालजीबागला अंडी घालायला येतात. वाळूतून बाहेर पडलेली, तळहातात मावणारी ती पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, कारण काळोख्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असते ते समुद्राचे क्षितिज. त्या रात्री आठ-दहा पिल्ले समुद्राकडे पाठ करून वर सरपटत निघाली, कारण वर एका शॅकच्या माडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि तिथे बसायला एकही गिऱ्हाईक नव्हते. वनखात्याचा रक्षक गुडघ्यांवर बसून, आपल्या अंगाने उजेड अडवत, त्यांना एकेक करून टोपलीत घेत होता. इयत्ता सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘बाई, ते दिवे विझवायला सांगता येत नाही का?’ मी गेले, सांगितले. ‘मालक नाहीत,’ असे उत्तर मिळाले.

मालक कुठेच नसतात. भर दुपारी बाराला जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांचे मालक नसतात. पणजीत एसी सोडून दार सताड उघडे ठेवणाऱ्या दुकानांत विचारले तर नोकर म्हणतो, दार लावले की गिऱ्हाईक आत येत नाही. फोंड्याच्या एका लग्नात सभागृह इतके थंड केले होते की म्हाताऱ्या बायका पदर डोक्यावरून घेऊन कुडकुडत जेवत होत्या, आणि बाहेर मंडपातले वाढपी घामाने भिजले होते. हे सगळे बाहेरून आलेले लोक करतात असे म्हणून मला हात झटकायचे नाहीत. त्या लग्नाचे यजमान माझे नातेवाईक होते. माझा भाचा एसी 16 वर ठेवून वर गोधडी पांघरतो. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लावलेला नवा एसी मुळात 24 अंशांवरच सुरू व्हावा असा नियम आहे, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो की एक अंश वाढवला तरी सुमारे 6 टक्के वीज वाचते. हे मी त्याला चार वेळा सांगितले. तो म्हणतो, मावशी, बिल मी भरतो ना.

हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते. बिल तू भरतोस, पण ते कोणाला भरतोस? सांगोडच्या झाडाला भरतोस? कोरब्याच्या पोराच्या खोकल्याला भरतोस? तुझ्या खोलीतून बाहेर फेकलेली उष्णता, शिवाय ते यंत्र चालवायला लागलेल्या विजेची उष्णता, असे दोन्ही मिळून जे शेजारणीच्या खिडकीत जाते, त्याचे बिल कोणत्या रकान्यात लिहिलेले असते? जितके जास्त एसी तितका वाडा तापतो, वाडा तापला की आणखी दोन घरे कर्ज काढून एसी घेतात, आणि ज्यांना घेता येत नाही ते पाण्याने पुसलेल्या जमिनीवर चटई टाकून झोपतात. माझी आई आता स्वयंपाकघरात झोपते, कारण ती एकच खोली व्हिलाच्या उलट बाजूला आहे. साठ वर्षे ज्या खिडकीशी ती झोपली ती खिडकी मी कायमची लावून टाकली.

व्हिलाच्या मालकांना मी मराठीत आणि इंग्रजीत असे पत्र लिहून त्या मुलाजवळ दिले आहे: बाहेरचे डबे आमच्या बाजूने हलवा आणि घरात कोणी नसताना यंत्रे बंद ठेवा. ग्रामसभा रविवारी आहे. तिथे मी सातही व्हिलांचा मंजूर लोड वाचून दाखवायला मागणार आहे, आणि तो मिळेपर्यंत नव्या बांधकामाला ना हरकत दाखला देऊ नये असा ठराव मांडणार आहे. लाइनमनच्या आईसह वाड्यावरच्या अकरा बायकांनी सह्या केल्या आहेत.

आज शनिवार. सर काल आले नाहीत, त्यांचे विमान रद्द झाले असे तो मुलगा म्हणाला, आता पुढच्या शुक्रवारी येतील. एसी चालू ठेवायला सांगितले आहेत.