‘जास्त एमबीपीएसचं डोंगल घ्या, निळ्या पोर्टला लावा’: या मेसेजमध्ये नेमकं काय चुकतं

मेसेज बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो: “पीसीला वायफाय हवंय? जास्तीत जास्त एमबीपीएसचं डोंगल घ्या. अँटेना मोठा बघा. मागच्या निळ्या पोर्टला लावा, विंडोज आपोआप ओळखतं. नाही ओळखलं तर ड्रायव्हर अपडेटर टाका. तरी स्लो असेल तर राउटर जुना झालाय, बदला.”

यातलं एकही वाक्य साफ खोटं नाही, आणि म्हणूनच ते खपतं. पण डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टला लावायचं छोटं वायफाय उपकरण, कसं चालणार हे दोन गोष्टींवर ठरतं: आत चिप कोणती आहे आणि ते लावलंय कुठे. मेसेजमध्ये चिपचा उल्लेखच नाही आणि जागा सांगितली आहे तीही अर्धवट.

“जास्तीत जास्त एमबीपीएसचं घ्या”

खोक्यावरचं ‘एसी1300’ ही बेरीज असते. 5 गिगाहर्ट्झ बँडवरचे 867 एमबीपीएस आणि 2.4 गिगाहर्ट्झ बँडवरचे 400 मिळवायचे, वर थोडं फुगवायचं, झाले 1300. डोंगल एका वेळी एकाच बँडवर चालतं, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच हाती लागत नाही. 867 दिसायलाही राउटर 80 मेगाहर्ट्झ रुंद चॅनलवर हवा. शिवाय हा झाला जोडणीचा वेग. फाइल उतरते ती साधारण निम्म्या वेगानं, कारण वायफायवर बोलणं आणि ऐकणं आळीपाळीनं होतं आणि मध्ये पोचपावत्याही जातात.

घरी 100 एमबीपीएसचा प्लॅन असेल तर 5 गिगाहर्ट्झवर 433 देणारं साधं एसी600 सुद्धा पुरून उरतं. खरी गोची होते ती ‘150’ लिहिलेल्या, नखाएवढ्या, फक्त 2.4 वर चालणाऱ्या डोंगलची. 150 मिळायला 40 मेगाहर्ट्झचा चॅनल लागतो. आजूबाजूला पाचपंधरा राउटर असलेल्या इमारतीत तो बहुधा 20 वर येतो, जोडणी 72 ला थांबते आणि हाती उरतात 35 ते 45. फोनवर 95 आणि पीसीवर 40 येत असतील तर कंपनीला तक्रार करण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीज उघडा. लिंक स्पीड 72 आणि बँड 2.4 दिसला की कोडं सुटलं. या एका प्रसंगात मात्र नवं डोंगल घ्या हा सल्ला बरोबर आहे.

“विंडोज आपोआप ओळखतं”

कधीकधी ओळखतं, पण चुकीची वस्तू म्हणून. रिअलटेकच्या 8811सीयू, 8821सीयू यांसारख्या चिपची अनेक डोंगलं लावल्या लावल्या वायफाय म्हणून नव्हे, तर छोटी सीडी ड्राइव्ह म्हणून समोर येतात. ‘धिस पीसी’मध्ये नवी ड्राइव्ह दिसते आणि आत एक सेटअप फाइल असते. उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, त्यातच आहे. सेटअप चालवलं की ती ड्राइव्ह नाहीशी होते आणि डोंगल वायफाय कार्ड म्हणून परत येतं. हे माहीत नसल्यामुळे ‘डोंगल खराब निघालं, पेनड्राइव्ह दाखवतंय’ म्हणून चांगला माल परत जातो.

लिनक्सवर हेच डोंगल 0बीडीए:1ए2बी या आयडीनं दिसतं आणि यूएसबी-मोडस्विच नावाचं साधन वापरून त्याचं रूप बदलावं लागतं. या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 6.2 पासून आतच आहे, म्हणजे उबुंटू 24.04 वर वेगळा ड्रायव्हर लागत नाही, 22.04 च्या मूळ 5.15 कर्नलमध्ये तो नाही. 8812एयू या चिपसाठी तर आणखी बराच काळ थांबावं लागलं.

चिप ओळखायची ती नावावरून नाही. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन722एन घ्या: पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. नाव आणि आकार तोच, ड्रायव्हर पूर्ण वेगळा. म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे व्हीआयडी (कंपनीची ओळख) आणि पीआयडी (उपकरणाची ओळख) असे चार-चार अक्षरांचे दोन तुकडे दिसतील. 0बीडीए म्हणजे रिअलटेक. त्यापुढे 8179 असेल तर चिप 8188ईयू. ड्रायव्हर या जोडीवरून शोधायचा.

“नाही ओळखलं तर अपडेटर टाका”

हा सल्ला सगळ्यांत महागात पडतो. नेटच नाही तिथे अपडेटर उतरवणार कसा, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर सोपं आहे: अँड्रॉइड फोन डेटा केबलनं पीसीला जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. नुसती चार्जिंगची केबल चालणार नाही. पण नेट मिळालं की अपडेटर नको, चिपचा किंवा डोंगलच्या कंपनीचा ड्रायव्हर घ्या. अपडेटरला नवी तारीख म्हणजे चांगला ड्रायव्हर असं वाटतं, आणि चालत्या ड्रायव्हरवर तो जवळपास जुळणारा दुसरा चढवून बसतो. तसं झालंच असेल तर प्रॉपर्टीजच्या ड्रायव्हर टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा.

त्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणामागचा कोड वाचा. 28 म्हणजे ड्रायव्हरच नाही. 10 म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. बहुतेकदा ड्रायव्हर चुकीचा असतो. 43 आला तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी डोंगल हबमधून काढून थेट दुसऱ्या पोर्टला लावा आणि शिफ्ट दाबून शटडाउन करा. विंडोजचं नेहमीचं शटडाउन फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट असतं, जुनी अवस्था तशीच परत येते. डोंगल नीट चालून थोड्या वेळानं गायब होत असेल तर पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

“मागच्या निळ्या पोर्टला लावा”

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. यूएसबी 2.0 ची कागदावरची मर्यादा 480 एमबीपीएस, प्रत्यक्षात 300 च्या आसपास. म्हणून 867 वालं डोंगल 5 गिगाहर्ट्झवर वापरायचं तर निळं, म्हणजे यूएसबी 3.0 चं, पोर्ट हवंच.

पण 2.4 वर तेच पोर्ट घात करू शकतं. यूएसबी 3.0 चा 5 जीबीपीएसचा सिग्नल रुंद पट्ट्यात रेडिओ गोंगाट सोडतो आणि तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झवरही पडतो. इंटेलनं 2012 मध्ये हे मोजून दाखवलं: यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क जोडल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे 20 डेसिबलनं वाढला. त्यामुळे शेजारच्या निळ्या पोर्टवर बाहेरची डिस्क कॉपी करायला लावली की वायफाय मरतं आणि कॉपी संपली की जिवंत होतं. दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो.

त्यात ‘मागच्या’ हा शब्द आणखी वाईट. पीसीच्या मागे म्हणजे पत्र्याच्या खोक्याआड, भिंतीला टेकून, केबलींच्या गुंत्यात. नखाएवढ्या डोंगलचा अँटेनाही तेवढाच. पत्रा त्याची एक बाजू झाकूनच टाकतो. उपाय एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. डोंगल टेबलावर, राउटर दिसेल अशा जागी ठेवा. पत्रा आणि गोंगाट दोन्हींपासून सुटका. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

“अँटेना मोठा बघा”

अँटेना ताकद निर्माण करत नाही, आहे ती आडव्या पातळीत पसरवतो. तो उभा ठेवला तरच फायदा. राउटर वरच्या मजल्यावर असेल तर थोडा कलता करून बघा.

“राउटर जुना झालाय”

बऱ्याचदा उलटं असतं, राउटर नवा आणि डोंगल जुनं. नेटवर्क यादीतच दिसत नसेल तर राउटरचा चॅनल बघा. 2.4 वर भारतात 12 आणि 13 चालतात, पण अमेरिकेसाठी बांधलेली डोंगलं 11 च्या पुढे बघतच नाहीत. 1, 6 किंवा 11 ठेवा. 5 गिगाहर्ट्झचे 5875 मेगाहर्ट्झपर्यंतचे बरेचसे पट्टे भारतात 2018 मध्ये खुले झाले. त्यातले मधले चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असल्यानं काही डोंगलं ते टाळतात. 36 ते 48 मधला निवडा.

नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर राउटर निव्वळ डब्ल्यूपीए3 या नव्या सुरक्षा पद्धतीवर असण्याची शक्यता आहे. डब्ल्यूपीए2 आणि डब्ल्यूपीए3 असा मिश्र पर्याय ठेवा. आणि जोडणी 54 च्या वर जातच नसेल तर सुरक्षा सेटिंगमध्ये टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत राहिली आहे का बघा. तिच्यासोबत 802.11एन या वायफाय मानकाचे वेग चालत नाहीत. त्याजागी एईएस ही नवी पद्धत केली की आकडा लगेच बदलतो.

एवढं करूनही राउटरवर शंका असेल तर 5 गिगाहर्ट्झवाला फोन डोंगलच्या अगदी शेजारी, त्याच टेबलावर ठेवून वेग मोजा. फोनही तिथे रडत असेल, तरच राउटरकडे वळा.