आधी पत्रा, मग इंजिन: पद्मिनीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिखट आहे, पण वेळ काढून लिहिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: घरच्या घरी जुनी प्रीमियर पद्मिनी उभी करण्याच्या लेखात मी लिहिलं होतं, की इंजिनाला हात लावण्याआधी खालचा सगळा पत्रा तपासा, कुजलेला कापा, नवा जोडा. तुमचं म्हणणं असं, की हे नवख्या माणसाला घाबरवणं झालं. तुमच्या ओळखीच्या डेंटरने लांबी (पत्र्यावरचे खड्डे बुजवायचा लेप) भरून, रंग मारून तीन आठवड्यांत गाडी रस्त्यावर आणली. आधी इंजिन चालू करून बघावं, चाललं तरच पुढचा खर्च करावा. दुसरं, ब्रेकवर लेखात दोनच ओळी आहेत आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं नावसुद्धा नाही. तिसरं, पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज नंबर घ्यायचा आणि रोज फिरवायची, त्यात एवढं काय.

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य, ती माझी चूक. पहिला मान्य नाही. तिसऱ्यात नियमच वेगळा आहे.

पत्र्यापासून सुरू करतो. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. दाराखालच्या दोन्ही सिल, मधला बोगदा आणि फ्लोअरखालचे आडवे मेंबर मिळून सगळं वजन पेलतात. मागचे कमान-पाटे ज्या हँगरला अडकतात ते हँगरही याच पत्र्यात वेल्ड केलेले असतात. तो पत्रा कुजलेला असताना वरून लांबी भरली, तर गाडी गुळगुळीत दिसेल, पण चाक खड्ड्यात आदळलं की ओढ बसते ती त्याच कुजक्या पत्र्यावर.

लांबी म्हणजे पॉलिस्टर राळ आणि टाल्कची भुकटी. ती पाणी शोषते. गंजावर थेट भरली की ओल आत अडकते, गंज वाढत राहतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेत असल्यामुळे लांबीला आतून ढकलतो. पहिल्या पावसाळ्यानंतर रंगावर मिऱ्याएवढे फोड दिसतात, मग बारीक भेग, मग थापीच सुटते. तुमच्या ओळखीच्या गाडीचा एक पावसाळा झाला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लांबीशी माझं वैर नाही. स्वच्छ पत्रा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जास्तीत जास्त २ मि.मी. लांबी, हे बरोबर काम आहे. फ्रिजवरचं पातळ चुंबक रुमालात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबीचा थर जाड आहे.

खालून बघायचं ते असं. गाडी स्टँडवर चढवा, नुसत्या जॅकवर नाही. मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरभोवतीचं जुनं डांबरी कोटिंग खरवडा आणि पेचकसाचं टोक तळहाताने दाबा. चांगला पत्रा खणकन आवाज देतो, टोक घसरतं. कुजलेल्या पत्र्यात टोक कुरकुरत आत जातं आणि काढलं की चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी चुरा गळतो. हेच बॅटरी ट्रेखाली, पुढच्या फ्लोअरच्या कोपऱ्यांत, स्टेपनीच्या खळग्यात आणि जॅक पॉइंटला करा. फ्लोअरचे कोपरे बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरी बीडिंगमधून पाणी झिरपल्यामुळे जातात, त्यामुळे बीडिंग न बदलता फ्लोअर बदलला तर तो पुन्हा जाईल. आणखी एक चाचणी: एका बाजूच्या जॅक पॉइंटवर गाडी उचलताना दाराच्या फटीकडे लक्ष ठेवा. फट मिटत असेल किंवा दार अडकत असेल, तर सिलमध्ये दम उरलेला नाही.

कापण्याची घाई मात्र करू नका. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत २० मि.मी.चा चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाके मारून बसवा, नाहीतर बॉडी मधून खाली बसते आणि नंतर एकही दार नीट लागत नाही. कर्णांची मापं घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. फ्लोअर आणि सिलसाठी १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मि.मी.चा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) पत्रा आणि बाहेरच्या पॅनेलला २० गेजचा, साधारण ०.९ मि.मी.चा. नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत पत्रा घ्यायला गेलात आणि दुकानदाराने जीआय (जस्त चढवलेला) पुढे केला तर नको म्हणा. जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळून टाके सच्छिद्र होतात आणि तो धूर छातीसाठी वाईट. वेल्डिंग मिगनेच (तार आपोआप पुढे सरकणारं गॅसच्या आवरणातलं वेल्डिंग), ०.८ मि.मी. तारेने. साध्या आर्कच्या कांडीने ०.९च्या पत्र्याला भोकं पडतात, गॅसने पत्रा तापून पापडासारखा वळतो. सेंटिमीटरभर टाका, मग तीन-चार सेंटिमीटर सोडून पुढचा, मग पूर्ण उलट्या टोकाला जाऊन तिसरा. हात लावता येईल इतका गार झाल्याशिवाय मधल्या जागा भरायच्या नाहीत. त्याआधी बॅटरी काढलेली आणि पेट्रोलची टाकी गाडीबाहेर, वेगळ्या खोलीत. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. टाकी घरी वेल्ड करायची नाही, हा एक नियम मोडू नका.

चासी नंबर ठोकलेल्या भागावर ग्राइंडर फिरवू नका. तिथला पत्रा गेला असेल तर आधी आरटीओत विचारा, मग हात लावा.

नागपुरात हे काम कधी करायचं, हे लेखात नव्हतं आणि ते असायला हवं होतं. उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत पिवळा पडतो. उन्हाळ्यात वेगळीच अडचण: गॅरेजला लागून कूलर चालू असेल, तर वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा थेट पत्र्यावर बसते. मे महिन्यात बाहेर खडखडीत ऊन असताना घरातल्या पत्र्याला गंज का चढला, याचं उत्तर बहुतेक वेळा कूलर असतं. खरवडलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे. रंगासाठी ४४-४५ अंशांचे दिवस टाळा. थिनर हवेतच उडतो, कण कोरडे होऊन पत्र्यावर पडतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. (ही उपमा नागपूरकरांना समजावून सांगावी लागत नाही.) श्रावणात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला तर उलट तो पांढुरका होतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर जमते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ रंगाचा, त्यातही सकाळी दव सुकल्यावर.

आता इंजिन आधी चालू करण्याबद्दल. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. खर्च करण्याआधी इंजिनाचा अंदाज घ्यावा. पण वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असतात, जोर केला की तुटतात आणि बोअरवर ओरखडे पडतात. १०८९ सीसीचं हे साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे, त्याच्याशी सबुरीने वागलं तर ते साथ देतं. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण सोडा, दोन दिवस राहू द्या. मग प्लग न लावता पुढच्या पुलीच्या नटवर पाना लावून हळू फिरवा. अडकलं तर उलट, पुन्हा सुलट. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवं भरा आणि मग सेल्फवर कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) तपासा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. चारही आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट. एवढ्यावर निर्णय घेता येतो, गाडी चालू करायची गरज नाही. ब्रेक नसलेली गाडी चालू झाली की कुणीतरी ती फाटकापर्यंत नेतोच.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका, हेही जाता जाता. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. क्षारयुक्त पाण्यात हेडचे पाण्याचे मार्ग खाऊन जातात. डिस्टिल्ड पाणी आणि ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं.

ब्रेक. दोन ओळींत उरकलं ही गंभीर चूक होती. जुन्या पद्मिनीत चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) एकाच सर्किटचा. कुठेही एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, मागे-पुढे वेगळी सोय नाही. म्हणून इथे "सध्या चालतंय" हे उत्तर नसतं. ड्रम काढल्यावर धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडर (प्रत्येक चाकातला, ब्रेक शू ढकलणारा) उघडून आतून बोट फिरवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, त्या ओलीने आतून गंज लागतो, आणि खड्डे बहुतेक वेळा बोअरच्या खालच्या बाजूला सापडतात. हलक्या होनिंगने (आतून बारीक घासून) जे जात नाहीत त्या सिलिंडरला नुसतं नवं किट टाकून काही होणार नाही, नवं रबर त्या खड्ड्यांवर घासून महिन्याभरात गळायला लागेल. सिलिंडर नवा घ्या किंवा लेथवर स्टेनलेसचा स्लीव्ह बसवून घ्या. रबरं पेट्रोल-रॉकेलने धुवायची नाहीत, फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवा.

चाकाजवळचे रबरी पाइप बाहेरून ठीक दिसले तरी बदला. आतून फुगले की ते एकतर्फी झडपेसारखे वागतात: पेडल दाबलं की ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही. एकच ड्रम तापत असेल आणि शू नीट असतील, तर पाइपवर संशय घ्या. धातूचे पाइप ४.७५ मि.मी.चे, शक्यतो तांबे-निकेल मिश्रधातूचे. साधी तांब्याची नळी नको, कंपनाने ती कडक होऊन तडकते. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेवटी पेडल जोरात दाबून पूर्ण एक मिनिट धरा. ते किंचितही खाली बसत असेल तर गाडी हलवायची नाही.

ई-२०चा मुद्दा तुम्ही काढलात त्याबद्दल आभार, कारण पंपावर आता तेच मिळतं. तीन गोष्टी बिघडतात. एक, जुन्या नळ्या आणि एसी पंपाचा (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा) पडदा इथेनॉलने मऊ होतो, फुगतो, तडकतो. नळ्या व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) अस्तराच्या घ्या, पंपाचं आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल चालणारं आहे का ते विचारूनच घ्या. दोन, इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतो, तो फिल्टरमध्ये येतो. पहिले काही दिवस दोन जादा फिल्टर गाडीत ठेवा. तीन, मिश्रण पातळ होतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई-२०ला साधारण १३.५ पट, म्हणजे त्याच हवेला जवळजवळ नऊ टक्के जास्त इंधन. कार्बोरेटरच्या जेटमधून (इंधन मोजून सोडणाऱ्या भोकाच्या नळीतून) जाणारं इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून व्यास चारेक टक्के वाढवला तरी पुरतं: १२०चा जेट असेल तर १२५ लावून बघा. तारेने भोक मोठं करू नका, ते वाकडं होतं. प्लगचं टोक पांढरं पडत असेल आणि वेग घेताना कार्बोरेटर फटफट करत असेल, तर अजून पातळ आहे. उन्हाळ्यात व्हेरायटी चौकातल्या गर्दीत गाडी बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल तर एसी पंपावर ओलं फडकं टाका. पाचेक मिनिटांत सुरू झाली तर वाफ अडकली होती. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं आणि कार्बोरेटरखालचं बॅकेलाइटचं जाड पॅकिंग शाबूत ठेवणं.

आता व्हिंटेज नंबर. २०२१च्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकींना ही नोंदणी मिळते, नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पद्मिनी हे नाव १९७४पासूनचं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आत्ता आत्ता त्यात बसायला लागल्या. पण ही नोंदणी घेतली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला धरमपेठेत भाजी आणायला गाडी न्यायची असेल, तर जुनाच नंबर ठेवून फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण करत राहा. आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेजमध्ये बसत नाही, म्हणून दुरुस्तीआधीचे आणि दुरुस्तीनंतरचे फोटो तारखेसह जपून ठेवा.

लेखात ब्रेक आणि ई-२०चा भाग या आठवड्यात घालतो. तोवर तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या तीन आठवड्यांच्या गाडीखाली शिरून मागच्या डाव्या हँगरला पेचकस लावून बघा, आणि टोक घसरलं की आत गेलं, ते इथेच लिहा.