इस्लेन्यो कोणी 'घडवलेले' नाहीत

'लुईझियानातील इस्लेन्यो हा 1976 मध्ये काही शिक्षकांनी आणि हौशी इतिहासकारांनी पर्यटकांसाठी रचलेला बनाव आहे. ती माणसे मुळात फ्रेंच आहेत आणि स्पॅनिश भाषा त्यांनी आपणहून सोडली,' असा मजकूर सध्या फिरत आहे. इस्लेन्यो म्हणजे अमेरिकेतील लुईझियानात कॅनरी बेटांवरून येऊन वसलेल्या लोकांचे वंशज. न्यू ऑर्लिन्समध्ये शिकणाऱ्या माझ्या भाचीनेही तो खरा मानून घरच्या गटावर टाकला, तेव्हा गप्प बसणे अशक्य झाले.

फ्रेंचपणाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. लुईझियाना स्पेनकडे असताना, 1778 ते 1783 या काळात, स्पेनच्याच कॅनरी बेटांवरून सुमारे 2,000 माणसे तेथे आली, कारण गव्हर्नर बेर्नार्दो दे गाल्वेस यांना शिपाई हवे होते आणि शिपायांबरोबर त्यांची बायकामुलेही आली. पुढे फ्रेंच शेजाऱ्यांशी सोयरिकी जुळल्या, कुठे कुठे रोद्रिगेसचे रोद्रीग झाले, एवढे मान्य करणे भाग आहे.

'बनाव' हा आरोप मात्र निव्वळ हास्यास्पद आहे. 1976 मध्ये वारसा जपणारी संस्था स्थापन झाली, समाज नव्हे. त्याआधी 26 वर्षे, 1950 मध्ये, रेमंड मॅककर्डी यांचा इस्लेन्योंची वस्ती असलेल्या सेंट बर्नार्ड परगण्यातील स्पॅनिश बोलीवरील अभ्यास प्रसिद्ध झाला होता; बोली जर संस्थेने रचली असेल, तर मॅककर्डी कोणाचे बोलणे टिपत होते, हे मजकूरकर्त्यानेच सांगावे. तेथील कोळी 'देसिमा' ही कथागीते वाद्यांच्या साथीविना गात आणि त्यांत गारठ्यात खेकडे पकडणाऱ्याचे हालही येत. लाकडात रानबदके कोरणारे देसिमा-गायक आयर्व्हन पेरेझ यांना 1991 मध्ये लोककलावंतांना दिली जाणारी अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली, ती काय पर्यटकांच्या करमणुकीसाठी? इस्लेन्योंचा वार्षिक उत्सव अलीकडचा आहे आणि तेथे पाहुण्यांची गर्दी होते, हे खरे. त्याने वरचे काहीच खोटे ठरत नाही.

'भाषा आपणहून सोडली' हे विधान तर क्रूर आहे. लुईझियानाच्या 1921 च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शाळेत शिक्षा होत असे. मारून गप्प बसवलेल्या मुलाने मोठेपणी स्वतःच्या मुलांशी इंग्रजीत बोलायचे ठरवले, तर त्याला राजीखुशी म्हणत नाहीत. 1927 च्या महापुरात न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी कॅर्नार्व्हन येथे मिसिसिपीचा बांध सुरुंगाने उडवला गेला आणि पाणी याच सेंट बर्नार्ड परगण्यात शिरले. 2005 मध्ये कतरिना वादळाने उरलीसुरली वस्तीही विखुरली. अशा ठिकाणी म्हाताऱ्यांची बोली आणि गाणी नोंदवून ठेवणाऱ्या शिक्षकांनाच मजकूर लबाड ठरवतो, आणि शिक्षा करणाऱ्या शाळांबद्दल त्यात अवाक्षर नाही.